एनएफएल: मैदानात वैरी, गल्ल्यावर भागीदार

जून २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्या वेळच्या बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास असायचं: सामन्यामागे मिळणाऱ्या पैशात आयपीएल आता जगात दुसरी. पहिली कोण, ते एका शब्दात उरकलं जायचं. एनएफएल. म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉलची स्पर्धा. हेल्मेट आणि खांद्यावर गाद्या घातलेली धिप्पाड माणसं लंबगोल चेंडू हातात घेऊन पळतात, तो खेळ.

न्यू जर्सीला किंवा डॅलसला मुलाकडे, लेकीकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना हा खेळ रविवारी दुपारी घरातल्या टीव्हीवर भेटतो. दर मिनिटाला थांबणारा सामना, मध्येच जाहिराती, आणि समोर बसलेला जावई मात्र श्वास रोखून बघतोय. हळूच तिकिटाची किंमत विचारावी, तर ती ऐकून चहा गार होतो. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी अमेरिकेतली जी अकरा मैदानं निवडली गेली, ती सगळीच्या सगळी एनएफएल संघांची. असली मैदानं बांधण्याइतका पैसा या खेळात येतो तरी कुठून?

माझ्या मते दोन गोष्टी कळल्या की बाकीचं कोडं आपोआप सुटतं. एक, एनएफएलचे ३२ संघ सामने एकमेकांविरुद्ध खेळत असले तरी धंदा भागीदारीत करतात. दुसरी, या भागीदारीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मैदानात बसलेला प्रेक्षक नाही. ते गिऱ्हाईक आहे टीव्ही.

आधी आराखडा

लीगची स्थापना १९२० साली ओहायो राज्यातल्या कँटन गावी झाली, तीही मोटारी विकण्याच्या एका दुकानात. आज ३२ संघ आहेत. त्यांचे १६-१६ चे दोन गट, एएफसी आणि एनएफसी. प्रत्येक गटात चार-चार संघांचे चार उपगट. सप्टेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत १८ आठवड्यांत प्रत्येक संघ १७ सामने खेळतो, एक आठवडा सुट्टी. मग प्रत्येक गटातले सात, असे १४ संघ बाद फेरीत जातात. तिथे एक हार आणि घरी. दोन्ही गटांचे विजेते फेब्रुवारीत समोरासमोर येतात, त्या सामन्याचं नाव सुपर बोल.

१७ हा आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेतला बेसबॉल संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. एनएफएल संघाला घरचे सामने मिळतात आठ किंवा नऊ. सत्तर हजार खुर्च्यांचं मैदान वर्षातून जेमतेम नऊदा भरायचं असेल, तर प्रत्येक खुर्चीला भाव येणारच.

गल्ला एक, वाटे बत्तीस

१९६० पर्यंत प्रत्येक संघ आपापले टीव्ही हक्क विकायचा. न्यूयॉर्कच्या संघाला भरपूर पैसे, छोट्या गावच्या संघाला चिल्लर. पीट रोझेल नावाचे तरुण आयुक्त, म्हणजे लीगचे प्रमुख, आले आणि त्यांनी मालकांना पटवलं की हक्क एकत्र विकू आणि पैसे समान वाटून घेऊ. सगळ्यात मोठी बाजारपेठ हाताशी असलेल्या न्यूयॉर्क जायंट्सच्या मारा कुटुंबानेही याला मान्यता दिली. कोर्टाने मात्र हरकत घेतली: स्पर्धकांनी मिळून भाव ठरवायचा नाही. तेव्हा अमेरिकी संसदेनं १९६१ मध्ये खास कायदाच केला आणि अध्यक्ष केनेडींनी त्यावर सही केली. आजचा सगळा डोलारा त्या कायद्यावर उभा आहे.

त्या कायद्यात एक मजेशीर अटही आहे. शाळांचे सामने शुक्रवारी रात्री आणि कॉलेजचे शनिवारी होतात, त्यांचा प्रेक्षक एनएफएलने पळवायचा नाही. म्हणून सप्टेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत एनएफएल शनिवारी जवळजवळ दिसत नाही आणि रविवार हा तिचा वार झाला.

२०२१ मध्ये झालेले टीव्हीचे करार अकरा वर्षांचे आहेत आणि त्यांची एकूण रक्कम सुमारे ११० अब्ज डॉलर्स सांगितली गेली. सीबीएस, एनबीसी, फॉक्स, ईएसपीएन आणि अ‍ॅमेझॉन हे सगळे त्यात आहेत. हा पैसा ३२ ठिकाणी सारखा वाटला जातो. पहिला आलेला आणि शेवटचा आलेला, दोघांचा धनादेश एकाच रकमेचा.

हे आपल्याला कळतं कसं? ग्रीन बेच्या हिशोबवहीतून

एनएफएलचे मालक अब्जाधीश आहेत आणि आपल्या वह्या कुणाला दाखवत नाहीत. अपवाद एकच: विस्कॉन्सिन राज्यातला ग्रीन बे पॅकर्स. गावाची लोकसंख्या लाख-सव्वालाखाच्या आत. या संघाला मालकच नाही. १९२३ पासून तो ना-नफा संस्था आहे आणि त्याचे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. आपल्या सहकारी साखर कारखान्याच्या सभासदासारखाच हा भागधारक वार्षिक सभेला जातो, संचालकांना मत देतो. फरक इतकाच की याला ना लाभांश मिळतो, ना स्वस्त साखर. शेअर नफ्याने विकताही येत नाही. २०२१-२२ मध्ये एकेक शेअर ३०० डॉलर्सना विकायला काढला, तरी लोकांनी रांगा लावून घेतला आणि चौकट करून भिंतीवर टांगला. बाकीच्या संघांना अशी मालकी ठेवायला आता लीगची परवानगी नाही. पॅकर्सची जुनी म्हणून चालू आहे.

सार्वजनिक संस्था असल्यामुळे पॅकर्स दरवर्षी जमाखर्च जाहीर करतात आणि त्यातून सगळ्या लीगचं पोट दिसतं. २०२४ च्या मोसमाच्या हिशोबात त्यांचं एकूण उत्पन्न होतं सुमारे ७१.९ कोटी डॉलर्स. त्यातले ४३.२६ कोटी लीगच्या सामायिक गल्ल्यातून आलेले. तिकिटं, पार्किंग, खाणंपिणं, दुकान, मैदानाची सहल हे सगळं धरून स्थानिक उत्पन्न २८ कोटींच्या घरात. त्याच वर्षी एका संघाने खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा होती २५.५४ कोटी डॉलर्स.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. एकही तिकीट विकलं नाही, तरी सगळ्या खेळाडूंचा पगार देऊन वर १७ कोटी डॉलर्स उरतात! आणि हे ३२ ही संघांना लागू आहे, कारण सामायिक वाटा सारखा आणि मर्यादाही सारखी.

तिकिटाचा पैसा मालकांना नको असतो असं मात्र समजू नका. तो त्यांना अधिक प्रिय असतो, कारण सामायिक गल्ला सगळ्यांना सारखाच मिळत असल्यामुळे शेजाऱ्याच्या पुढे जायचा रस्ता स्थानिक कमाईचाच. साध्या तिकिटाच्या पैशातला साधारण तिसरा हिस्सा पाहुण्या संघांसाठीच्या सामायिक खात्यात जातो. काचेच्या आलिशान कक्षांची जादा कमाई बहुतांशी घरच्या मालकाकडेच राहते. नव्या मैदानांत साध्या खुर्च्या आटतात आणि कक्ष वाढतात, त्याचं कारण हे.

शेवटून पहिला आलात? या, आधी तुम्ही निवडा

आयपीएलमध्ये लिलाव असतो. ज्याच्या खिशात पैसे, तो बोली लावतो. एनएफएलमध्ये नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून येतात. ड्राफ्ट म्हणजे पाळीपाळीने निवड. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून आधी निवडायचा मान गेल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला, सगळ्यात शेवटी विजेत्याला. अशा सात फेऱ्या. बोली नाही, घासाघीस नाही, कितव्या क्रमांकाला निवडला गेला यावर पहिला करार जवळपास ठरलेला. कोणत्या शहरात जायचं, हे खेळाडूच्या हातात नसतं.

ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. त्यांचा संघ सतत हरत होता, तेव्हा कल्पना सुचायला कारणही चांगलंच होतं. १९३६ च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला शिकागो विद्यापीठाचा जे बेरवँगर, आणि त्याचं पैशाचं जमलं नाही म्हणून तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. तेव्हापासून हा जुगार तसाच आहे. २००० मध्ये १९८ जण निवडून झाल्यावर टॉम ब्रेडीचं नाव पुकारलं गेलं. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले.

दुसरी लगाम वेतनमर्यादेची, १९९४ पासूनची. २०२५ मध्ये ती २७.९२ कोटी डॉलर्स होती. डॅलसच्या मालकाकडे कितीही पैसा असला तरी खेळाडूंवर त्याला ग्रीन बेपेक्षा फार जास्त उधळता येत नाही.

वेळापत्रकातही थोडा हात असतो. १७ पैकी तीन सामने गेल्या वर्षी आपापल्या उपगटात त्याच क्रमांकावर आलेल्या संघांशी असतात. पहिला आलेल्याला पहिले, चौथ्याला चौथे.

इतकं समान आहे, तर तेच ते संघ कसे जिंकतात?

रास्त शंका. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने दोन दशकांत सहा विजेतेपदं घेतली, त्यानंतर कॅन्सस सिटी चीफ्सचं राज्य आलं. पैसा समान करता येतो, अक्कल नाही. शिवाय या खेळात एका माणसाचं वजन फार आहे. क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चालीची सुरुवात करणारा, चेंडू फेकणारा सूत्रधार. तो चांगला मिळाला की दहा-पंधरा वर्षं भाकरी चालते. पेट्रियट्सकडे ब्रेडी होता, चीफ्सकडे पॅट्रिक महोम्स.

पण तळाकडे बघितलं की व्यवस्थेचा खरा परिणाम दिसतो. २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्स १६ पैकी १६ सामने हरले, २०१७ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सही तसेच. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये असा संघ खालच्या विभागात फेकला गेला असता. इथे दोघांना पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळाली आणि टीव्हीचा धनादेशही पूर्ण. मोसम हातचा गेला की काही संघ मन लावून हरतात असा आरोप दर डिसेंबरला होतो, आणि तो अगदीच हवेतला नाही.

खालच्या विभागात न टाकण्याचं कारण उघड आहे. वॉशिंग्टनचा संघ २०२३ मध्ये ६.०५ अब्ज डॉलर्सना विकला गेला. एवढे पैसे मोजणारा माणूस पुढच्या वर्षी लीगबाहेर जायची जोखीम घेईल कशाला? नव्या संघाला घ्यायचं तर तीन चतुर्थांश मालकांची मतं लागतात. शेवटचा नवा संघ ह्यूस्टन टेक्सन्स, २००२ मध्ये आला. त्यानंतर दार बंद.

मग ही मक्तेदारीच झाली की

झालीच आहे, फक्त किती प्रमाणात हे कोर्ट वेळोवेळी सांगतं. २०१० मध्ये संघांची चिन्हं असलेल्या टोप्यांच्या कंत्राटावरून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. लीगचं म्हणणं होतं, आम्ही ३२ नाही, एकच आहोत, तेव्हा आपसांत संगनमत कसलं? न्यायालयाने एकमताने ते फेटाळलं. टोप्या विकताना तुम्ही ३२ वेगवेगळे धंदेवाले आहात, असं सांगितलं. टीव्हीच्या हक्कांना मात्र १९६१ च्या कायद्याची ढाल आहे.

मक्तेदारीची झळ सगळ्यात जास्त शहरांना लागते. संघ मुद्दाम ३२ च ठेवले की कुठलं तरी शहर कायम संघाविना राहतं, आणि ‘नवं मैदान बांधून द्या, नाहीतर आम्ही तिकडे जातो’ असं म्हणता येतं. ही नुसती धमकी नसते. मार्च १९८४ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सच्या मालकाने मध्यरात्री ट्रक बोलावून संघाचं सामानसुमान इंडियानापोलिसला हलवलं. सकाळी बाल्टिमोर उठलं तेव्हा संघ गेला होता. रेडर्स तर ओकलंडहून लॉस एंजेलिस, पुन्हा ओकलंड आणि २०२० मध्ये लास वेगास असे फिरले. वेगासच्या मैदानात ७५ कोटी डॉलर्स हॉटेलखोल्यांवरच्या करातून आले. बफेलोच्या नव्या मैदानासाठी राज्य आणि काउंटी (म्हणजे जिल्हा) यांनी मिळून ८५ कोटी कबूल केले. मालकांनी नफा वाटून घ्यायचा आणि खर्चात जनतेला सामील करून घ्यायचं, ही यातली मला सर्वात न पटणारी बाजू.

खेळाडूंची बाजूही सरळ नाही. त्यांची संघटना आहे, २०२० चा करार २०३० पर्यंत आहे आणि उत्पन्नातला साधारण ४८ टक्के वाटा त्यांना मिळतो. पण कराराचा आकडा आणि हातात पडणारा पैसा यांत फरक असतो, कारण बऱ्याच करारांतली सगळी रक्कम हमीची नसते. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे मेंदूला होणाऱ्या आजारावरून हजारो माजी खेळाडूंनी दावे केले आणि त्यातून अब्ज डॉलर्सच्या घरातली तडजोड झाली. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

घरी फुकट दिसतं, तर मैदानात जायचं कशाला?

टीव्हीवर हा खेळ खरोखर छान दिसतो. तो टीव्हीसाठीच घडवलेला आहे. साठ मिनिटांचा सामना तीन तासांहून जास्त चालतो आणि वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये घड्याळ लावून मोजलं, तर चेंडू प्रत्यक्ष खेळात होता जेमतेम अकरा मिनिटं. बाकीचा वेळ जुळवाजुळव, चर्चा आणि जाहिराती. घरी जाहिरात दिसते; मैदानात सगळे खेळाडू नुसते उभे दिसतात, टीव्हीवाल्यांचा इशारा येईपर्यंत.

तरीही जावं. कारण टीव्ही चेंडूमागे धावतो, आणि या खेळातली अर्धी गंमत चेंडूपासून लांब असते. त्यासाठी नियम इतकेच पुरे. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. न जमलं तर चेंडू समोरच्याकडे, म्हणून चौथ्या डाउनला बहुतेक संघ धोका न घेता लाथ मारून चेंडू लांब घालवतात. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण, वर लाथ मारून एक जादा. टचडाउन न करता चेंडू नुसताच लाथेने गोलच्या दोन दांड्यांमधून घालवला तर तीन. बाकीचं बघता बघता कळतं.

टीव्हीवर दिसणारी दहा यार्डांची पिवळी रेघ मैदानावर शोधू नका, ती संगणकाने काढलेली असते. कडेला दोन केशरी काठ्या आणि त्यांच्यामधली साखळी घेऊन माणसं उभी असतात, त्यांच्याकडे बघायचं. आणि ओरडायचं कधी, हे आपल्या सवयीच्या उलट आहे. आपल्या संघाकडे चेंडू असताना गप्प बसायचं, कारण क्वार्टरबॅकच्या सूचना साथीदारांना ऐकू गेल्या पाहिजेत. समोरच्याकडे चेंडू आला की घसा फुटेपर्यंत ओरडायचं, विशेषतः तिसऱ्या डाउनला. कॅन्सस सिटीच्या प्रेक्षकांनी २०१४ मध्ये १४२.२ डेसिबलचा विक्रम केला तो असाच. प्रेक्षक खेळात इतका थेट हात घालतो, असे खेळ थोडे.

तिकीट, पिशवी आणि पार्किंग

एनएफएलची बरीचशी तिकिटं मोसमभराची असतात. नव्या मैदानांत तर मोसमाचं तिकीट विकत घ्यायचा नुसता हक्क मिळवायलाही आधी वेगळे पैसे भरावे लागतात. न्यूयॉर्क जायंट्सने त्यांच्या मैदानासाठी या हक्काचे एका खुर्चीमागे एक हजारापासून वीस हजार डॉलर्सपर्यंत घेतले. त्या मोसमी तिकिटात सरावाचे नीरस सामनेही गळ्यात मारलेले असतात. ग्रीन बेमध्ये तर मोसमी तिकिटाच्या प्रतीक्षायादीत एक लाखाहून जास्त नावं आहेत; तिथे बाळाचं नाव यादीत घालतात.

आपल्यासारख्या एका सामन्याच्या पाहुण्याला फेरविक्रीचाच आधार. हे सरळ कायदेशीर आणि अधिकृत अ‍ॅपवर चालतं, भाव शेअर बाजारासारखे वरखाली होतात. तिकीट फोनवरच, छापील कागद चालत नाही. मैदानाबाहेर कुणी कागद विकत असेल तर लांबूनच नमस्कार. पिशवी पारदर्शक हवी, बारा इंच बाय सहा बाय बारा या मापाच्या आत. तळहाताएवढं पाकीट चालतं. पाठीवरची सॅक घेऊन गेलात तर दारातून परत. पार्किंगचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वेगळं आणि आधीच काढायचं.

जागा निवडायची तर खाली कोपऱ्यात बसण्यापेक्षा वर पण मधोमध बसा. स्वस्तही पडतं आणि बावीस जणांची सगळी मांडणी दिसते. सामन्याआधी पार्किंगमध्ये गाड्यांची मागची दारं उघडून शेगड्या पेटतात, त्याला टेलगेटिंग म्हणतात. चार-चार तास आधी लोक येतात आणि अनोळखी माणसाच्याही हातात बशी देतात. आत शाकाहारी माणसाची धाव बटाट्याच्या फ्राइजपलीकडे फारशी जात नाही, तेव्हा पोळीभाजी इथेच उरकलेली बरी. न्यू जर्सीच्या मेटलाइफ मैदानाला सिकॉकस स्थानकाहून सामन्याच्या दिवशी रेल्वे असते. जायंट्स आणि जेट्स दोघांचंही घर तेच, म्हणून तिथे बहुतेक रविवारी काही ना काही असतं.

विमानाचं तिकीट सामन्याला धरून काढणार असाल तर जपून. मोसमाच्या उत्तरार्धात रविवार दुपारचा सामना रात्री हलवायचा अधिकार लीगकडे असतो आणि खबर मिळते बारा दिवस आधी, कधीकधी तर सहाच. काही सामने तर रविवारचे सोमवारी जातात. प्रेक्षकाने हॉटेल घेतलंय का, हे कुणी विचारत नाही. रात्री टीव्हीवर जास्त लोक बघतील का, एवढंच बघतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमधला, रविवार दुपारी एकचा, बेताच्या संघांचा सामना निवडावा. तो सहसा कुणी हलवत नाही, हवा चांगली असते आणि भाव उतरलेले असतात. ग्रीन बेचा डिसेंबर बघायचाच असेल, तर १९६७ च्या ३१ डिसेंबरला तिथे उणे २५ अंश सेल्सियसमध्ये अंतिम सामना झाला होता आणि लोक शेवटपर्यंत बसून होते, एवढं लक्षात ठेवून लोकरीचे मोजे दोन जोड घाला.